इतर हक्क

शिवाजीनगरच्या कोर्टात, बाराव्या तारखेला,
साहेबांनी फायलीतून मान वर न काढता विचारलं,
"त्याच्या नावावर काही आहे का?"

होतं ना.
एक फोन होता, लागत नसलेला.
एक नोकरी होती, नोटीस पोचायच्या आदल्या आठवड्यात
दर वेळी सुटणारी.
आणि थेऊरच्या अलीकडे कुठेतरी अकरा गुंठे,
साखरपुड्यानंतर मला स्कूटरवरून दाखवलेले.
"इथं घर," तो म्हणाला होता, "आणि इथं जांभूळ."

गट नंबर मला ठाऊक नव्हता.
जांभळाची जागा
मी अजूनही डोळे मिटून दाखवेन.

"जांभूळ जप्त होत नाही," पानगे वकीलबाई म्हणाल्या,
"गट नंबर आणा."

मग मी गट नंबर आणला.
सकाळी लॅबसाठी हडपसरभर रक्त गोळा करायचं,
दुपारी गाडीतळावरून बस,
आणि तलाठी ऑफिसला कुलूप. साहेब सर्कलकडे.
दुसऱ्यांदा साहेब होते, सर्व्हर नव्हता.
तिसऱ्यांदा दोघंही होते.
मी कोर्टाचा आदेश टेबलावर ठेवला
आणि त्यावर माझा हात तसाच राहिला.

"मुलीचं पूर्ण नाव?"
शाल्मली.
"वडलांचं?"
म्हटलं, जमीन ज्यांची आहे, तेच.
त्याची बोटं कीबोर्डवर क्षणभर थांबली,
मग पुन्हा सुरू झाली.

नोटिशीचे पंधरा दिवस. हरकत कोणाची नाही.
फेरफार मंजूर.
सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात,
विहिरीतल्या चुलत्याच्या हिश्शाखाली,
सोसायटीच्या जुन्या कर्जाखाली:
पोटगी थकबाकी, छत्तीस महिने,
रुपये दोन लाख सोळा हजार, यांचा बोजा,
शाल्मली, अ.पा.क. आई हेमलता.

घरी तिनं तो कागद उलटसुलट पाहिला.
"अ.पा.क. म्हणजे?"
अज्ञान पालन कर्ता.
"अज्ञान कोण? मी?"
कायद्यानं. अठरापर्यंत.
"आणि पप्पा?"
त्यांना सज्ञान म्हणतात.
ती इतकी हसली की ताटातली आमटी सांडली,
नेमकी रकमेवर.

मी दुसरी प्रत काढून आणली. पंधरा रुपये.
तेही लिहून ठेवले वहीत,
बुटांच्या खाली, सहलीच्या वर.

चाळीस दिवसांनी फोन आला.
कशी आहेस नाही, कितवीत गेली नाही.
"गिऱ्हाईक आलंय. तो बोजा काढून टाक."
मी कपड्यांना चिमटे लावत होते.
कोणता बोजा?
"तुला माहितीये कोणता."
सोसायटीचा?
"नाही गं."
मग कोणाचा?
पलीकडे हायवे वाहत होता, एक ट्रक, आणखी एक.
"शाल्मलीचा," तो म्हणाला.

तीन वर्षांनी हे नाव त्याच्या तोंडून ऐकलं.
बारशाला ते त्यानंच सुचवलं होतं;
मला रेवा हवं होतं.
ओला टॉवेल दोरीवर तसाच राहिला,
एकाच चिमट्यावर.

आई म्हणते, लेकरू बापाला बोजा वाटावं
याहून वाईट काय.
मी म्हणते, वाटू दे,
पण मग तो उचलू दे.

पानगेबाईंना विचारलं, पैसे भरल्यावर ही नोंद पुसतात का?
"पुसत नाहीत. कंस करतात.
नाव तिथंच राहतं, कंसात."
का कोण जाणे, रात्री ते मी शाल्मलीला सांगितलं.
ती गणितं सोडवत होती, दातात पेन्सिल.
"कंसातलंच आधी सोडवायचं असतं," म्हणाली
आणि पान उलटलं.

पैसे अजून आलेले नाहीत.
गिऱ्हाईक थांबलंय म्हणे.
मला थांबायची सवय आहे,
गिऱ्हाइकाला किती आहे, बघू.